आई घोडीवर बसली तो चैत्र

कडुलिंब फुलला की मला एका जागी बसवत नाही. सोलापुरात आमच्या बिल्डिंगच्या मागे एक झाड आहे. चैत्र लागायच्या सुमाराला त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांचा कडवट-गोड वास खिडकीतून आत येतो आणि हातातलं काम सोडून मी उठतो. गॅलरीत जातो, परत येतो, पाणी पितो, पुन्हा गॅलरीत जातो. मंजिरी, माझी बायको, पहिल्यांदा विचारायची, कशाची काळजी लागलीय म्हणून. आता विचारत नाही. काळजी नसतेच. नुसतं अंगात वारं शिरल्यासारखं होतं. कुठंतरी जायचंय आणि कुठं ते आठवत नाही, असं काहीतरी. मग थोड्या वेळानं आठवतं, की जायचंय ते धाराशिवला, आणि तेही आताच्या नाही. काही वर्षांपूर्वीच्या एका चैत्रातल्या.

त्या वर्षी फाल्गुनात मी पुण्याहून घरी आलो तो बॅग भरूनच. कंपनीनं आमचा अख्खा विभाग बंद केला होता. मंजिरीची शाळेतली नोकरी आणि आमच्या मुलीची, सईची परीक्षा यांमुळे त्या दोघी तिकडंच थांबल्या आणि मी आई-अण्णांकडं आलो. चार दिवसांसाठी आलो होतो. चार दिवसांचा महिना कसा झाला हे मलाही सांगता येणार नाही. अर्ज करून झाले होते, फोन करून झाले होते, आता फक्त वाट बघायची होती, आणि वाट बघणं हे काम मला कधीच जमलेलं नाही.

धाराशिवचा फाल्गुन संपता संपता एक विचित्र कोरडेपणा येतो हवेला. रानातली ज्वारी काढून झालेली असते, कडब्याच्या गंज्या उभ्या असतात, आणि दुपारी हातलाईच्या डोंगराकडून असा वारा सुटतो की दारावरचे पडदे, दोरीवरचे कपडे, रस्त्यावरचे कागद, कशाकशाला म्हणून स्वस्थ राहू देत नाही. नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी यायचं. त्यामुळे घरातलं प्रत्येक भांडं, प्रत्येक बादली भरलेली, झाकलेली. मी गच्चीवर जायचो, खाली यायचो, मोबाईल बघायचो, पुन्हा गच्चीवर. आई अंगणात चिंचा फोडत बसलेली असायची. चिंचोक्यांचा एक ढीग, टरफलांचा एक ढीग, आणि मधे आंबट वासात आई. ती एकदा मान वर न करता म्हणाली, "तू वर-खाली करून जिना झिजवायला लागलास बघ. बस की हितं. चिंचा फोड." मी बसलो. चार चिंचा फोडल्या आणि उठलो.

अण्णांचं वेगळं होतं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा दिवस आखलेला: सकाळी पेपर, मग देवपूजा, मग बाजार, दुपारी झोप, संध्याकाळी ओट्यावर खुर्ची. त्या आखलेल्या दिवसात माझं असं भिरभिरणं त्यांना सोसत नसे. पण बोलत नसत. नोकरीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. ते न काढणंच मला दिवसभर टोचायचं.

अशाच एका संध्याकाळी शेजारच्या शैलावहिनी आल्या. पाडव्याला गावात शोभायात्रा निघायची होती. लेझीम, ढोल, फेटे बांधून मोटारसायकलवर बायका, आणि सगळ्यांत पुढं घोडीवर एक बाई, हातात भगवा झेंडा. घोडीवर बसायला जी मुलगी तयार झाली होती ती घोडीजवळ जाऊन घाबरून परत आली होती. आता ऐनवेळी कोण मिळणार, म्हणून शैलावहिनी कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "कुणी बाई मिळंना झालीय हो. सगळ्यांना बघायला पाहिजे, बसायला कुणी न्हाय."

आई चहा गाळत होती. गाळणी कपावर तशीच धरून म्हणाली, "म्या बसते की."

अण्णा हसले. शैलावहिनीही हसल्या. मग आईनं चहाचे कप आणून ठेवले आणि पुन्हा म्हणाली, "बसते म्हणलं ना. तेरला आमच्या घरी घोडी व्हती. रोज नदीवर पाण्याला म्याच न्यायची."

मला हे नवं होतं. आईचं माहेर तेर, तिथं तेरणेच्या काठाला मामांचं शेत, हे ठाऊक होतं. सुट्टीत आम्ही गेलोही होतो. पण घोडीची गोष्ट कधी निघाली नव्हती. तिच्या वडिलांनी शेतावर आणि बाजाराला जायला एक घोडी पाळली होती, आणि आई लहानपणी तिच्या पाठीवर बसून नदीपर्यंत जायची, परकर गुडघ्यापर्यंत खोचून. मग एक दिवस वडील म्हणाले, आता तू मोठी झालीस, आता न्हाय बसायचं. संपलं. आईनं हे सगळं एवढ्याच शब्दांत सांगितलं आणि शैलावहिनींना साखर पुरे का म्हणून विचारलं.

अण्णांचं हसू तोवर गेलं होतं. शैलावहिनी बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "मनगटाचं विसरलीस काय?"

त्याच्या दोन वर्षं आधी आई न्हाणीत घसरून पडली होती. उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं आणि जुळायला फार दिवस लागले होते. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हाडं ठिसूळ झालीत, पडायचं नाही. जसं काही माणूस ठरवून पडतं.

"विसरली न्हाय," आई म्हणाली.

"मग?"

"मग काय? आता काय उरलेलं आयुष्य भिताडाला धरून चालायचं?"

"पडलीस तर या वयात उठशील का?"

अण्णा उठून ओट्यावर गेले, आणि तिथून पुढं पाडव्यापर्यंत ते आईशी कामापुरतंच बोलले. पेपर कुठंय. भाजी आणलीय. दार लावून घे. आमच्या घरात भांडण कधी आवाजाचं नव्हतं. ते असंच, कमी होत जाणाऱ्या शब्दांचं. आधीच त्या घरात मला गुदमरायला होत होतं. आता दोन्ही खोल्यांमध्ये एकेक गप्प माणूस आणि मधे मी, जिन्यावर.

सरावासाठी आईला स्कूटरवर घेऊन मीच जायचो. गावाबाहेर एक मोकळं मैदान होतं, तिथं महेबूबमामू घोडी घेऊन यायचे. ते मूळचे नळदुर्गचे, लग्नाच्या वरातींना घोडी द्यायचा त्यांचा धंदा. पांढऱ्या दाढीचे, किरकोळ अंगाचे, घोडीशी सतत काहीतरी पुटपुटत असायचे. घोडीही पांढरीच, कानाच्या टोकांना काळी.

पहिल्या दिवशी आईला रिकिबीत पाय घालून वर चढता आलं नाही. पाय उचलायची, अर्ध्यात थांबायची, परत खाली ठेवायची. तिसऱ्यांदा तिच्या कपाळावर घाम आला. मी म्हणालो, "जाऊ दे आई, उद्या बघू." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मागं सरलो. शेवटी मामूंनी घोडी एका पडक्या कठड्याशी आणून उभी केली. आई कठड्यावर चढली आणि तिथून घोडीवर. बसल्यावर काही क्षण ती डोळे मिटून होती. मी पुढं झालो, तर मामू म्हणाले, "रहने दो. जान-पहचान होती है."

मग घोडी चालायला लागली. मी आईचे हात बघत राहिलो. एरवी कांदा चिरताना, दोरीवर कपडे टाकताना, देवापुढं फुलं वाहताना पाहिलेले हात. लगाम त्यांनी ओढून धरला नव्हता, सोडलाही नव्हता. तिची पाठ सरळ झाली होती. मैदानाच्या टोकापर्यंत जाऊन ती वळली आणि आमच्याकडं येताना मला क्षणभर ती कुणी परकी बाई वाटली. बरं वाटलं, आणि उगाच भीतीही वाटली. एखाद्या माणसाला आपण जन्मभर ओळखतो असं धरून चालतो, आणि ते माणूस मैदानाच्या टोकाकडून दुसरंच होऊन येतं.

"बाई, हात को याद है तुमारे," मामू म्हणाले. "पन कंबर को पूछ लेव."

"कंबर लई बोंबलतीय," आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

परत येताना स्कूटरवर मागून तिनं विचारलं, "पाडव्याचा सैपाक कोण करील रे?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पाडव्याला आमच्याकडं पुरणपोळी, येळवणी, कुरडया, भजी. आणि हे सगळं आपोआप होत असतं अशी माझी समजूत होती. मंजिरी आणि सई त्याच दिवशी सकाळी पुण्याहून येणार होत्या.

"मी करतो," मी म्हणालो. कुणीतरी मला काहीतरी करायला सांगावं याचीच मी इतके दिवस वाट बघत होतो बहुतेक.

आदल्या दुपारी तिनं मला शिकवलं. हरभऱ्याची डाळ बोटानं दाबली की मोडली पाहिजे, पण पीठ व्हायला नको. वरचं पाणी काढून ठेवायचं, त्याचीच येळवणी करायची. गूळ घातल्यावर पुरण सैल होतं, घाबरायचं नाही, हलवत राहायचं. उलथणं पुरणात उभं राहिलं की गॅस बंद. मी मान डोलवत होतो आणि निम्मं विसरत होतो. ती सांगता सांगता मधेच थांबून खिडकीबाहेर बघायची. तिचंही लक्ष नव्हतं. अण्णा आत येऊन पाणी पिऊन गेले. गेल्यावर आई हळूच म्हणाली, "तुझे अण्णा जेवत्याल का रे उद्या?"

पाडव्याला उजाडताच अण्णांनी गुढी उभारली. काठी धुतली, हळदी-कुंकू लावलं, आईचं नवं जरीचं लुगडं, साखरेची गाठी, लिंबाची डहाळी, वर तांब्या. सगळं नेहमीसारखं नेटकं. आईनं नमस्कार केला. ती नऊवारी नेसली होती आणि शैलावहिनींनी तिला फेटा बांधला होता. अण्णांनी तिच्याकडं बघितलं नाही. निघताना ती त्यांच्यासमोर जाऊन थांबली.

"जाऊन येते."

अण्णांनी गुढीची दोरी पुन्हा एकदा आवळली. ती आवळलेलीच होती.

मग मी आणि पुरण. डाळ शिजली होती, गूळ घातला, आणि ते सैल झालं ते सैलच राहिलं. मी हलवत होतो, हलवत होतो, हाताला भाजत होतं. लांबून ढोल ऐकू यायला लागले. मंजिरीचा फोन आला की बार्शीच्या पुढं गाडी थांबली आहे, उशीर होईल. मी पुरण ताटात पसरून पंख्याखाली ठेवलं. पहिली पोळी लाटतानाच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरीतून पुरण बाहेर येऊन जळलं आणि घरभर धूर झाला. बाहेरच्या खोलीत अण्णा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर हातात होता, पान उलटल्याचा आवाज मी बराच वेळ ऐकला नव्हता. मग ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. माझं ते भिरभिरणं आता त्यांच्या पायांत आलं होतं.

थोड्या वेळानं ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तवा लई तापलाय," म्हणाले.

मी गॅस बारीक केला. ते गेले नाहीत.

"तिला काही झालं तर," ते म्हणाले, आणि थांबले. "मला चहासुद्धा करता येत न्हाय."

मी हसायला गेलो, पण त्यांचा चेहरा बघून थांबलो.

"चहाचं न्हाय रे," अण्णा म्हणाले. "चहाचं न्हाय."

तेवढ्यात चौकाच्या बाजूनं फटाक्यांची लांबलचक माळ वाजली. ढोल बंद पडले. माळ वाजतच राहिली आणि तिच्यामागून बायकांच्या ओरडण्याचा आवाज आला. अण्णा वळले आणि दारातून बाहेर पडले, डोक्यावर टोपी नाही, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी गॅस बंद केला आणि तसाच पीठ लागलेल्या हातांनी त्यांच्यामागं पळालो. दार लोटायचंही भान राहिलं नाही.

चौकात धूर होता. मोटारसायकली अस्ताव्यस्त थांबल्या होत्या. पुढं घोडी रस्त्याला आडवी वळून, पुढचे पाय उचलत नाचत होती, मान झाडत होती, आणि तिच्यावर आई. तिचा एक पाय रिकिबीतून सुटला होता. झेंडा कुणाच्यातरी हातात गेला होता. मामू लगामाला लोंबकळल्यासारखे उभे होते आणि आई पुढं वाकून, गाल जवळजवळ घोडीच्या मानेला लावून काहीतरी बोलत होती. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. नुसते ओठ हलत होते, सावकाश, झोपायला तयार नसलेल्या पोराला थोपटताना हलतात तसे. मी अण्णांकडं बघितलं. ते रस्त्याच्या कडेला पुतळ्यासारखे उभे होते. पुढं झाले नाहीत, हाक मारली नाही. आपल्या एका हाकेनं सुद्धा घोडी बुजेल असं त्यांना वाटत असावं.

घोडी हळूहळू चारही पायांवर आली. थरथरत उभी राहिली. आईनं पायानं चाचपत रिकीब शोधली. मग तिनं मान वर केली आणि तिला अण्णा दिसले. मला वाटलं आता ती उतरेल. मामूही तेच विचारत असावेत, कारण त्यांनी खालून हात पुढं केला होता. आईनं नकारार्थी मान हलवली आणि झेंडा परत मागितला.

ढोल पुन्हा सुरू झाले. मिरवणूक पुढं निघाली, आणि कडेकडेनं अण्णाही निघाले. रसवंतीचे गाडे, उभ्या केलेल्या गाड्या, उसळलेली गर्दी, यांतून वाट काढत, कुणाच्या पायावर पाय देत, घोडीच्या बरोबरीनं. त्यांनी एकदाही नजर हलवली नाही. कुणीतरी ओळखीचं "साहेब, वहिनी झकास हो," म्हणालं, त्यांनी ऐकलंच नाही. मी त्यांच्यामागून, पिठाचे हात तसेच.

शाळेच्या पटांगणात यात्रा संपली. आता आईला उतरता येईना. मांड्या आखडल्या होत्या. मामूंनी कुठूनतरी स्टूल आणलं. अण्णा पुढं झाले आणि खांदा दिला.

"तुमी व्हा बाजूला," आई म्हणाली. "दोघंबी पडू."

"पडू दे," अण्णा म्हणाले.

आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मनगट मोडलेला तोच हात, आणि उतरली. उतरल्यावर तिचं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. "ह्या कसल्या चपला घातल्यात," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती दोघं कामाव्यतिरिक्त काहीतरी बोलत होती.

घरी आलो तर दार सताड उघडं आणि आतून पोळी भाजल्याचा खमंग वास. मंजिरी गॅसपाशी उभी होती, पदर खोचून. सई दारातच आडवी आली. "बाबा, घरात कुणीच नव्हतं. चोर येऊन गेले का?" मंजिरी म्हणाली, "चोर कसले! पुरणाचं असं करून कोण पळालं तेवढं सांगा." सैल पुरणात तिनं थोडं भाजलेलं बेसन मिसळून ते सावरलं होतं.

जेवायला दुपार कलली. आईला खाली बसवेना, म्हणून तिच्यासाठी खुर्ची आणि पुढं स्टुलावर ताट. अण्णांनी वाढायला घेतलं. त्यांना वाढताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कुरडई कुठं वाढायची आणि भजी कुठं, हेही त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. आईनं मंजिरीची गोल पोळी बाजूला ठेवली आणि माझ्या फाटक्यांतली एक मागून घेतली. एक घास खाऊन म्हणाली, "जळकीय. येळवणीत मीठ बी न्हाय." आणि आणखी एक मागितली.

सईनं विचारलं, "आजी, घोडी नाचली तेव्हा भीती वाटली?"

"वाटली की. लई वाटली."

"मग उतरली का नाहीस?"

आईनं तूप बोटानं पोळीवर पसरवलं. "भीती वाटत व्हती, पर खाली यावं वाटंना," ती म्हणाली.

अण्णा तूप वाढायचं भांडं घेऊन तिथंच उभे होते. त्यांनी भांडं ठेवलं, माझ्या शेजारी पाट ओढून बसले आणि जेवले.

तो उन्हाळा तसाच गेला, वाट बघण्यात. पावसाळ्याच्या तोंडाला मला सोलापुरात नोकरी लागली, पुढं मंजिरी आणि सईही इकडं आल्या. महेबूबमामूंनी घोडी विकली. वरातींना आता फुलांनी मढवलेल्या मोटारी लागतात म्हणाले. आई त्यानंतर पुन्हा कधी घोडीवर बसली नाही, बसायचं म्हणालीही नाही. आता तिचे गुडघे गेलेत. माझी अस्वस्थता मात्र गेली नाही. नोकरी लागली की ती जाईल असं मी तेव्हा धरून चाललो होतो. ती माझ्याबरोबर सोलापूरला आली, आणि हळूहळू मला कळलं की ती नोकरीची नव्हतीच. आईला गाळणी हातात धरून जे बोलायला लावलं, त्याच जातीचं ते काहीतरी असावं. तिनं ते किती वर्षं चिंचा फोडत, डाळ शिजवत, पाणी भरत अंगात वागवलं कुणास ठाऊक. आम्हाला दिसत होती ती एक स्वस्थ बसलेली बाई.

त्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईला अंथरुणातून उठता आलं नाही. अंग लाकडासारखं झालं होतं. मी चहा घेऊन त्यांच्या खोलीकडं गेलो तर दार अर्धं उघडं होतं. आई पालथी पडली होती आणि अण्णा तिच्या पोटऱ्यांना तेल चोळत होते, त्यांना जमत नव्हतं तरी, फार जपून. बाहेर वारा नव्हता. मग अण्णांनी, हात न थांबवता, विचारलं, "तेरच्या त्या घोडीचं नाव काय होतं गं?"

आईनं उशीवरची मान वळवली. "बिजली," ती म्हणाली. आणि जरा थांबून ती सांगायला लागली: तिचा रंग कसा होता, ती पाण्यात उतरायला कशी कुचराई करायची, पाऊस येणार असला की कशी फुरफुरायची. ती सांगत होती, अण्णा ऐकत होते. माझ्या हातातला चहा गार होत होता, आणि मला आत जावं असं वाटत नव्हतं.